गिअर झटकन पडतो, पण गाडी गचका देते: दोष हाताचा की पायाचा?

प्रश्न: दादरकर

नमस्कार. गेल्या दिवाळीत मी आणि माझ्या थोरल्या भावाने मिळून एक वापरलेली निसान ३७०झेड विकत घेतली. सहा गिअरची मॅन्युअल, ३.७ लिटरचे व्ही-सिक्स इंजिन आणि जोर मागच्या चाकांना. त्याआधीची पंधरा वर्षे मी साध्या हॅचबॅक गाड्या चालवल्या आणि गिअर बदलणे ही मुद्दाम शिकण्याची गोष्ट असते, असे मला कधी वाटलेच नव्हते. या गाडीने मात्र तो समज पहिल्याच आठवड्यात उतरवला.

अडचण दोन प्रकारची आहे आणि दोन्ही प्रकार एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून मी अधिकच गोंधळलो आहे. सेनापती बापट मार्गावरच्या गर्दीत सावकाश चालवताना पहिल्यातून दुसऱ्यात गेलो आणि क्लच सोडला, की गाडी नाक खाली घालते आणि शेजारी बसलेल्या माणसाची मान पुढे जाते. रविवारी पहाटे किनारी रस्त्यावर मोकळी जागा मिळते तेव्हा मी हात झटकन चालवतो, तर त्या वेळी गाडी पाठीत धक्का दिल्यासारखी पुढे उसळते. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना तर मागून कोणीतरी धरून ओढल्यासारखे वाटते, आणि गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चाचणीसाठी हीच गाडी चालवताना केम्प्स कॉर्नरच्या ओल्या उतारावर तिचा मागचा भाग किंचित सरकलाही होता. वडील एकदा शेजारी बसले होते. दादर ते चर्चगेट एवढ्या प्रवासात ते फक्त एकच वाक्य बोलले: "बेस्टच्या बसमध्ये उभा राहून मी यापेक्षा निवांत पेपर वाचला आहे."

या विषयावरचे बरेच व्हिडिओ मी पाहिले, परंतु त्यांतील बहुतेक गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे आहे, त्यामुळे हात कसा धरावा हे आरशात पाहून शिकल्यासारखे होते. गिअरच्या दांड्याशेजारी 'एस' अक्षराचे एक बटण आहे. ते दाबले की गाडी स्वतःच इंजिनचा वेग जुळवून घेते आणि निम्मी अडचण नाहीशी होते. भाऊ म्हणतो, बटण दाबून मोकळा हो. मला ते पटत नाही, पण मला न पटण्याला काही अर्थ आहे का, हेही कळत नाही. हात आणखी वेगाने चालवायचा की क्लच आणखी सावकाश सोडायचा, एवढे कोणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

उत्तर: दातेरी चक्र

आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते हाताच्या वेगात नाही. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटे होतात; क्लच सोडताना ज्या क्षणी ते पुन्हा एकत्र येतात, त्या क्षणी इंजिनचे फेरे आणि नव्या गिअरला हवे असलेले फेरे यांच्यात जेवढे अंतर असेल तेवढा गचका बसतो. गर्दीत सावकाश बदलताना आपला क्लच सुटेपर्यंत इंजिन पार खाली आलेले असते, त्यामुळे चाकांना त्याला ओढून वर आणावे लागते आणि त्या ओढण्यात गाडीचा वेग क्षणभर मरतो. मोकळ्या रस्त्यावर झटकन बदलताना इंजिन अजून वरच असते, म्हणून फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकात, साठलेली गती गाडीला पुढे ढकलते. खाली उतरताना इंजिनला एकदम वर जावे लागते, ते काम आपण मागच्या टायरांकडून करवून घेता आणि ओल्या रस्त्यावर टायर ते करायला नकार देतात.

हे अंतर नेमके किती, ते आकड्यांत पाहिले की बराच धूर निवळतो. आपल्या गाडीच्या सहा गिअरांची गुणोत्तरे, म्हणजे गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडायला इंजिनला लागणारे फेरे, अनुक्रमे ३.७९४, २.३२४, १.६२४, १.२७१, १.००० आणि ०.७९४ अशी आहेत. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर पहिल्यातून दुसऱ्यात गेलात तर त्याच वेगाला दुसरा गिअर सुमारे २,४५० फेरे मागतो, म्हणजे इंजिनला १,५५० फेरे उतरायचे असतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हेच उतरणे १,२०० च्या आसपास असते आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना जेमतेम ८७०. चौथ्या-पाचव्याला कोणाचीच मान हलत नाही आणि पहिल्या-दुसऱ्याला सगळ्यांचीच हलते, याचे कारण चालकाच्या कौशल्यात कमी आणि या भागाकारात अधिक आहे. तेव्हा सगळे गिअर एकाच तालात बदलण्याचा हट्ट सोडावा. पहिल्या-दुसऱ्याला अर्धा श्वास जास्त द्यावा लागतो. तिसऱ्या-चौथ्याला तेवढा वेळ दिलात तर उलट उशीर होईल आणि इंजिन हवे त्याच्या खाली जाईल.

आता आपल्या प्रश्नातील "हात वेगाने की क्लच सावकाश" याविषयी. क्लच सावकाश सोडला की गचका झाकला जातो हे खरे आहे, कारण फेऱ्यांतला फरक क्लच प्लेट घासून भरून काढते. परंतु ती किंमत प्लेट मोजते, आणि तेवढा वेळ गाडी ना धड जुन्या गिअरमध्ये असते ना नव्या. फेरे जुळलेले असतील तर क्लच पटकन सोडूनही काही जाणवत नाही. याच अर्थाने वेगवान बदल आणि मऊ बदल या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. माझा स्वतःचा क्रम असा असतो: बदल करायच्या क्षणाच्या किंचित आधी दांड्यावर अलगद भार ठेवायचा, ॲक्सिलरेटर आणि क्लच जवळजवळ एकाच वेळी हलवायचे, दांडा न्यूट्रलमधून जाताना त्याला घाई करायची नाही, आणि फेरे दाखवणारा काटा हव्या त्या आकड्याजवळ पोहोचत असतानाच क्लच वर आणून लगेच थोडी रेस द्यायची. क्लच पूर्ण दाबला जाईल आणि दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतपत आसन पुढे घ्या. ही बाब क्षुल्लक वाटते, पण टाचेवर ताणून क्लच दाबणाऱ्या माणसाला तो मोजून सोडता येत नाही.

दांडा मुठीत आवळू नये, याचे कारण गिअरबॉक्सच्या आत आहे. दोन भिन्न वेगांनी फिरणारे भाग एकमेकांत अडकण्यापूर्वी सिंक्रोमेशची कडी, जी पुष्कळदा पितळेची असते, शंकूच्या पृष्ठभागावर घासून त्यांचा वेग एक करते, आणि तो एक होईपर्यंत दातांना पुढे जाऊ देत नाही. ही व्यवस्था कॅडिलॅकने १९२८ मध्ये प्रथम विक्रीच्या गाड्यांत आणली. दांडा जाताना मध्ये जी क्षणभराची अडवणूक जाणवते ती हीच. तिथे एकसारखा, ठाम दाब ठेवला तर कडी आपले काम करून वाट मोकळी करते. मनगटाने हिसका दिलात तर कडी झिजते आणि वेळही वाचत नाही.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे दांडा डाव्या हाताला येतो आणि पहिला-दुसरा गिअर आपल्यापासून दूरच्या पट्ट्यात, तर पाचवा-सहावा मांडीजवळच्या पट्ट्यात पडतो. व्हिडिओत याच्या नेमके उलट दिसते. म्हणून पहिल्यातून दुसऱ्यात ओढताना तळहात दांड्याच्या आपल्याकडच्या बाजूला ठेवून दांड्याला किंचित बाहेर, म्हणजे डावीकडे, रेटत खाली आणावे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मात्र काहीही रेटू नये: पुढे ढकला, न्यूट्रलमध्ये आला की पकड सैल सोडा, आतल्या स्प्रिंगा दांडा आपोआप मधल्या पट्ट्यात आणतात, मग सरळ पुढे. आपण होऊन उजवीकडे ओढाल तर तो तिसऱ्याऐवजी पाचव्याच्या दाराशी जाऊन उभा राहील.

शेवटी, शिकण्याआधी गाडी शिकवण्याच्या लायकीची आहे ना, तेही तपासा. क्लचच्या यंत्रणेतील द्रव म्हणजे ब्रेकचाच द्रव असतो आणि तो हवेतील ओलावा शोषतो. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे न बदललेला द्रव काळपट होतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. गाडी उभी असताना क्लच तळापर्यंत दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकर आवाज आला तर दोष पायाचा नाही. इंजिनाखालचे रबरी माउंट बसले असतील तर लहानसा गचकाही दुप्पट होऊन पाठीपर्यंत येतो.

उत्तर: आगारातला जुना

तुमच्या वडिलांचे वाक्य वाचून बरे वाटले, कारण मी बेस्टमध्ये चालक म्हणून निवृत्त झालो आहे आणि प्रवासी पेपर वाचतात याकडे आमचे लक्ष असायचे. स्पोर्ट्‌स कार मी कधी चालवलेली नाही. परंतु वरच्या उत्तरात सिंक्रोमेशविषयी जे लिहिले आहे, ते आम्ही उलट्या बाजूने शिकलो, कारण मी ज्या बसवर शिकलो तिच्या गिअरबॉक्समध्ये तो नव्हताच. वेग जुळवण्याचे काम पायाने करावे लागे आणि जुळला नाही तर गिअर पडतच नसे. सगळ्या बसला ऐकू जाईल असा आवाज मात्र होई.

त्याची पद्धत डबल क्लचची. खाली उतरायचे असेल तर क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच मोजकी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यामुळे इंजिनबरोबर गिअरबॉक्सचा आतला दांडाही वेग घेतो, आणि खालचा गिअर हाताला न सांगता आत जातो. तुमच्या गाडीत सिंक्रोमेश असल्यामुळे रस्त्यावर याची रोज गरज नाही; क्लच दाबलेला ठेवून मधल्या मध्ये रेस दिली तरी प्रवाशाला गचका बसत नाही. तरीही दोन-तीन आठवडे ही पद्धत मुद्दाम करून पाहावी असे मी म्हणेन, कारण तिच्यामुळे किती रेस म्हणजे किती, हे पायाला समजते. तिचा आणखी एक उपयोग आहे. एखादाच गिअर घाईने टाकताना कुरकुरत असेल आणि डबल क्लच केल्यावर ती कुरकुर थांबत असेल, तर त्या गिअरची कडी झिजली आहे असे समजावे.

काट्याकडे पाहून मात्र शिकू नका. मुंबईत काट्याकडे पाहायला वेळ कोणाला आहे? समोर रिक्षा, डावीकडून दुचाकी, आणि मध्येच कोणीतरी हात दाखवून रस्ता ओलांडणार. इंजिनचा सूर कानाने ओळखावा. ४० च्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये तुमचे इंजिन ज्या सुरात गाते, तो सूर आधी लक्षात ठेवा, नंतर तिसऱ्यात जाऊन परत उतरताना रेस देऊन तोच सूर लावा आणि त्याच वेळी क्लच सोडा. बॅलार्ड इस्टेटमध्ये रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात. तिथे हे तासभर करा. सुरुवातीला तुम्ही रेस कमी द्याल, सगळेच देतात, कारण मोठ्याने आवाज झाला की संकोच वाटतो.

एक विचारतो. एसी चालू ठेवून शिकता की बंद? कॉम्प्रेसर चालू असला की रेस सोडल्यावर इंजिन लवकर खाली येते आणि बंद असला की रेंगाळते, म्हणून आधी काही दिवस बंद ठेवून एकच ताल बसवावा. उकाडा होईल. आमच्या काळी बसमध्ये तोच एक ऋतू होता.

दादरकर

दोघांचेही मनापासून आभार. काका, तुमचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले; त्यांनी तुम्ही कोणत्या मार्गावर होता असे विचारले आहे.

रिव्हर्सची चाचणी केली आणि करकर आवाज आला. गॅरेजमध्ये क्लचचा द्रव काढला तो चहासारखा निघाला. तो बदलून आतली हवा काढल्यावर पहिल्या गिअरमधला अडखळणारा गचका जवळजवळ थांबला, म्हणजे इतके महिने मी स्वतःला जो दोष देत होतो त्यातला काही भाग त्या द्रवाच्या डबीचा होता. पहिल्या-दुसऱ्याला अर्धा श्वास अधिक देण्याचा सल्ला तर त्याच संध्याकाळी लागू पडला. वर चढण्याचे गिअर आता दहापैकी सात वेळा ठीक पडतात. खाली उतरणे मात्र अजून जमत नाही, कारण सिग्नलकडे जाताना उजवा पाय ब्रेकवर असतो, मग रेस कोणत्या पायाने द्यायची? टाच वळवून पाहिली, तर ब्रेक एकदम जास्त दाबला गेला आणि मागच्या टॅक्सीवाल्याने माझ्या साता पिढ्यांची आठवण काढली.

उत्तर: तिसरे वळण

तुम्ही ज्याचा प्रयत्न केलात त्याला 'हील अँड टो' म्हणतात, आणि त्या नावानेच निम्म्या लोकांची दिशाभूल होते. आजच्या बहुतेक गाड्यांत टाचेचा संबंध नसतो. उजव्या पावलाचा अंगठ्याखालचा उंचवटा ब्रेकच्या उजव्या कडेवर ठेवायचा आणि ब्रेकचा दाब तसाच राखून पावलाची बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर लोटायची, एवढेच करायचे असते. हे जमण्यासाठी ब्रेक पुरेसा दाबलेला असावा लागतो, कारण तेव्हाच दोन्ही पेडल एका पातळीवर येतात. सिग्नलकडे रमतगमत जाताना ब्रेक हलकाच दाबलेला असतो, ॲक्सिलरेटर खाली राहतो आणि पाय वाकडा करावा लागतो. तुमचा प्रयोग तिथेच फसला. जोराने ब्रेक लावताना जी गोष्ट सोपी असते ती हळू ब्रेक लावताना अवघड होते, त्यामुळे शहरात तिची सवय लावणे म्हणजे खोल पाण्यात पोहता येते म्हणून गुडघाभर पाण्यात पोहायला जाण्यासारखे आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की गावात ही दोन कामे वेगळी ठेवा. आधी ब्रेक लावून हवा तो वेग आणा, ब्रेक सोडा, मग काकांनी सांगितल्याप्रमाणे रेस देऊन गिअर उतरवा. ४० च्या वेगाला तुमची गाडी तिसऱ्यात सुमारे १,९०० फेऱ्यांवर आणि दुसऱ्यात २,७०० फेऱ्यांवर असते, टायरच्या मापाप्रमाणे थोडे इकडेतिकडे. म्हणजे पायाला ८०० फेऱ्यांची एक छोटी थाप द्यायची आहे. थाप हाच शब्द योग्य आहे. पेडल दाबून धरायचे नाही, तबल्यावर बोट पडावे तसे पडून उठायचे. पायात पातळ तळव्याचा बूट हवा. चपला घालून हे करू नये, आणि पावसाळ्यात गाडीत बसल्यावर आधी तळवे पुसावेत.

बंद गाडीत, इंजिन चालू न करता, पाय फिरवण्याचा सराव करून फारसा उपयोग होत नाही, कारण त्या वेळी ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक असते आणि खरा स्पर्श कळत नाही. मी हे शिकलो ते कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या मैदानावर, आणि तेही दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. पहिला दिवस फक्त एकसारखा ब्रेक लावायला शिकण्यात गेला. प्रशिक्षकाने मला रेस देऊच दिली नाही. ब्रेकचा दाब जोपर्यंत पायाच्या हालचालीने डळमळतो, तोपर्यंत पुढचे सगळे व्यर्थ आहे, कारण वळणाच्या तोंडाशी गाडीचे वजन पुढच्या चाकांवर आलेले असते, मागची चाके हलकी झालेली असतात, आणि अशा वेळी न जुळलेल्या फेऱ्यांनी क्लच सोडणे म्हणजे मागच्या चाकांना हँडब्रेक लावणे. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर तुमचा मागचा भाग सरकला तो याच कारणाने, फक्त वेग कमी होता म्हणून निभावले.

वेगाने बदलण्याच्या नादात एक चूक अशी होते, की जिच्यातून इंजिन वाचत नाही. ७,००० फेऱ्यांवर तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात डावीकडे गेला आणि दुसरा पडला, तर चाके इंजिनला १०,००० च्या वर फिरवायला बघतात, आणि तुमच्या इंजिनची लाल रेषा, म्हणजे सुरक्षित फेऱ्यांची मर्यादा, ७,५०० वर आहे. फेरे मर्यादेत ठेवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था अशा वेळी काही करू शकत नाही, कारण ती फक्त इंधन थांबवते आणि इथे इंजिनला इंधन फिरवत नसून रस्ता फिरवत असतो. तिसरा-चौथा ही सरळ रेषा आहे. दोन बोटांनी दांडा मागे ओढा, मनगटाला त्यात भाग घेऊ देऊ नका. ज्यांच्या हातून ही चूक झाली त्यांच्यात घाबरून दांडा घट्ट धरणारेच मी अधिक पाहिले आहेत.

'एस' बटणाबद्दल: २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या या गाडीतील ती सोय, मॅन्युअल गिअर असलेल्या विक्रीच्या गाडीत त्या प्रकारची पहिलीच होती. दांडा कोणत्या गिअरकडे चालला आहे हे ओळखून ती इंजिनचे फेरे आपण होऊन जुळवते, आणि मला सांगायला संकोच वाटतो, पण ती माझ्यापेक्षा अचूक जुळवते. म्हणून ती वापरण्यात कमीपणा नाही. शर्यतीच्या गाड्यांत तर हा वाद कधीच संपला: १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पात्यांनी बदलणारा गिअरबॉक्स आणला आणि नायजेल मॅन्सेलने त्या गाडीची पहिलीच शर्यत, ब्राझीलची, जिंकली. परंतु तुम्हाला हे स्वतः यायला हवे असे वाटत असेल तर बटणाचा उपयोग शिक्षकासारखा करा. एक आठवडा चालू ठेवून तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना गाडी किती आवाज करते ते ऐका, पुढचा आठवडा बंद ठेवून तेवढाच आवाज स्वतः काढा.

उत्तर: ब्रीच कँडीचा खिडकीवाला

मला गाडी चालवता येत नाही, तरीही लिहितो, कारण मी या चर्चेच्या दुसऱ्या टोकाला राहतो. रविवारी पहाटे किनारी रस्त्यावरून गिअर बदलण्याचे जे आवाज येतात, ते आमच्या सातव्या मजल्यावरच्या खिडकीत स्पष्ट ऐकू येतात, आणि त्यातला कोण शिकतो आहे आणि कोणाला येते, हेही आता मला कळू लागले आहे. आपला सराव ४,००० फेऱ्यांपर्यंत होतो असे वरच्या आकड्यांवरून दिसते. तो तेवढ्यावरच ठेवता येईल का?

उत्तर: तिसरे वळण

ठेवता येईल, आणि ठेवावाच लागेल. दुसऱ्या गिअरमध्ये ४,००० फेऱ्यांवर ही गाडी ताशी सुमारे ५९ किलोमीटर वेगाने जाते, आणि किनारी रस्त्याच्या बोगद्यातली मर्यादा ६० ची आहे, सरळ भागात ८० ची, वळणांवर ४० ची. लाल रेषेपर्यंत दुसरा गिअर ताणला तर वेग ११० च्या पुढे जातो, म्हणजे मुंबईतल्या कोणत्याही रस्त्यावर हा गिअर पूर्ण वापरण्याची सोय नाही. अटल सेतूवरसुद्धा मर्यादा १०० ची आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे हे तर झालेच. शिकण्याच्या दृष्टीनेही वर जाऊन काही मिळत नाही. ३,००० वर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना फेरे २,१०० पर्यंत उतरतात, ६,००० वर ४,२०० पर्यंत. प्रमाण तेच, कान तोच. ३,००० वर ज्याचा बदल जाणवत नाही त्याला ६,००० वर शिकायला मैदानावर एक सकाळ पुरते. उलट दिशेने शिकलेला माणूस मी पाहिलेला नाही.

उत्तर: दातेरी चक्र

एक राहिले. गिअरबॉक्सचे तेल बदलणार असाल तर डब्यावरची श्रेणी वाचून घ्या. जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा वरचे, म्हणून चांगले, असा समज दुकानांतही आढळतो. परंतु जीएल-५ मधील गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यांचे प्रमाण अधिक असते, त्यांतली काही पितळेला त्रास देतात, आणि तेल अधिक निसरडे झाल्याने कडीला घासून वेग जुळवायला वेळ लागतो. मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या दातेरी पेटीला, ते योग्य, गिअरबॉक्सला मालकाच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेच.

दादरकर

पुस्तिकेत जीएल-४ आहे. पुढच्या शनिवारी बदलतो.

तीन आठवड्यांचा हिशोब सांगतो. बॅलार्ड इस्टेटमध्ये दोन रविवार, एसी बंद, खिडक्या उघड्या. काका म्हणाले तसेच झाले, पहिल्या तासात माझी प्रत्येक थाप कमी पडत होती आणि रेस वाढवायला खरोखरच लाज वाटत होती, कारण एक पहारेकरी खुर्ची बाहेर काढून बघत बसला होता. अकराच्या सुमारास एकदा तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरलो आणि काहीच झाले नाही. ना ओढ, ना धक्का, फक्त सूर बदलला. मला वाटले गिअर पडलाच नाही, म्हणून मी खाली पाहिले. त्यानंतर पुढचे वीस बदल पुन्हा बिघडले, पण काय ऐकायचे आहे ते कळले. आता एसी चालू करून तोच ताल बसवतो आहे आणि 'हील अँड टो' मी मैदानावर जाईपर्यंत बाजूला ठेवले आहे.

भावाशी वाद मिटलेला नाही. आम्ही गाडीचे दिवस वाटून घेतले आहेत, त्याच्या दिवशी बटण चालू असते आणि माझ्या दिवशी ते बंद करायला मी हमखास विसरतो. काल सकाळी माहीमच्या सिग्नलकडे येताना फार सुंदर उतरलो, तिसऱ्यातून दुसऱ्यात, अगदी अलगद, आणि मग डाव्या हाताशी तो 'एस' दिसला. मी जुळवले की तिने, हे अजून ठरलेले नाही.